तारेत बांधलेला बदाम: भोक न पाडता, गोंद न लावता हृदयाकार खडा लॉकेटमध्ये कसा टिकतो?

रील्स पाहताना एक व्हिडिओ बहुतेकांच्या समोर कधी ना कधी येतोच. गुलाबी रंगाचा, हृदयाच्या आकाराचा गुळगुळीत खडा, दोन हात, एक पक्कड आणि तांब्याची तार. तीस सेकंदांत तार खड्याभोवती फिरते, वर एक कडी तयार होते आणि लॉकेट गळ्यात घालायला तयार. या प्रकाराला वायर रॅपिंग म्हणतात. व्हिडिओत तो जितका सोपा दिसतो तितकाच घरी करून पाहताना अवघड जातो, आणि त्यातही हृदयाचा आकार सगळ्यात जास्त छळतो.

मराठीत या आकाराला आपलं स्वतःचं नाव आहे: बदाम. पत्त्यांतला बदाम, 'बदाम सात'मधला बदाम. कुणीतरी दिलेला, प्रवासात घेतलेला किंवा घरातल्या जुन्या डबीत सापडलेला असा एखादा बदामी खडा अनेकांकडे असतो. त्याची बाजारातली किंमत शंभर-दोनशे रुपये असेल, पण हरवला तर तोच पुन्हा मिळत नाही. म्हणून तो तारेत बांधताना प्रश्न फक्त सुंदर दिसण्याचा नसतो. लोकलच्या गर्दीत किंवा बाइकवर जाताना तो तारेतून निसटणार तर नाही ना, हा खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर आकाराच्या भूमितीत आणि धातूच्या स्वभावात आहे.

वायर रॅपिंग म्हणजे नेमकं काय?

धातूची तार वाकवून, तिचेच वेढे एकमेकांवर घट्ट आवळून खडा किंवा मणी धरून ठेवणं, एवढाच याचा अर्थ. यात झाळ लावत नाहीत, म्हणजे सोल्डरिंग होत नाही. गोंद नसतो आणि भट्टीही लागत नाही. जोड टिकतो तो फक्त तारेच्या ताणावर आणि वळणांवर.

पद्धत नवी नाही. आजच्या इराकमधल्या उर या प्राचीन शहराच्या राजदफनभूमीत सापडलेल्या सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या दागिन्यांत सोन्याच्या तारेची वेटोळी दिसतात. आपल्याकडचं रोजच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे मोत्याची नथ. तिच्यातले मोती सोन्याच्या तारेत ओवून आणि त्याच तारेने बांधून जागेवर बसवलेले असतात. फरक इतकाच, की मोत्याला भोक असतं. बदामी खड्याला ते नसतं, त्यामुळे त्याला बाहेरूनच धरावं लागतं.

भोक, कोंदण की तार?

बिनभोकाचा खडा गळ्यात घालायचे तीन मुख्य मार्ग आहेत.

पहिला, भोक पाडणं. हिऱ्याची भुकटी लावलेल्या ड्रिलने, पाण्याखाली, सावकाश भोक पाडतात. काम पक्कं होतं, पण एखादी आतली भेग असेल तर खडा तिथेच दुभंगतो. आणि एकदा पाडलेलं भोक बुजत नाही.

दुसरा, कोंदण. खड्याच्या मापाची धातूची पट्टी करून ती तळाला झाळतात आणि तिची कड खड्यावर दाबून बसवतात. हे सोनाराचं काम आहे. सपाट तळाच्या खड्याला ते उत्तम शोभतं, पण दोन्ही बाजूंनी फुगीर असलेल्या खड्याला जमवणं कठीण आणि खर्चिक होतं. शिवाय खड्याची मागची बाजू झाकली जाते.

तिसरा मार्ग तारेचा. त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तो परतीचा रस्ता बंद करत नाही. तार आवडली नाही, काळवंडली किंवा तुटली, तर ती कापून काढायची. खडा होता तसाच हातात येतो. आठवणीतल्या वस्तूसाठी म्हणूनच हा मार्ग सुरक्षित मानला जातो.

बदामाचा आकार तारेला का नडतो?

गोल किंवा लंबगोल खड्याला तार सगळीकडून सारखी बिलगते. बदामाच्या आकारात मात्र तीन जागा तारेशी वैर धरतात.

*खालचं टोक.* लॉकेट गळ्यात असताना खड्याचं सगळं वजन खाली खेचतं. टोकाशी तार नीट टेकलेली नसेल तर बदाम पाचरीसारखा तारेच्या मधून खाली घसरतो. टोक हा खड्याचा सगळ्यात नाजूक भागही असतो. ठेच लागली की आधी तिथलाच टवका उडतो. हृदयाकार हिरा अंगठीत बसवतानाही कारागीर टोकाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखा धातूचा पंजा देतात, तो यासाठीच.

*वरची खाच.* ताणलेली तार नेहमी जवळचा रस्ता धरते. त्यामुळे ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरळ उडी मारते आणि खाचेत पोकळी राहते. ती पोकळी म्हणजे खड्याला हलायला मिळालेली मोकळी जागा.

*दोन खांदे.* हे वरचे दोन फुगवटे बाहेरच्या बाजूने गोल असतात. त्यांच्यावर एकच तार ठेवली तर ती पुढे किंवा मागे सरकते.

मग खडा टिकतो कशामुळे? शिंकं आठवलं की उत्तर समजतं. शिंक्यात ठेवलेलं मडकं चिकटवलेलं नसतं. मडक्याचं पोट मोठं आणि त्याखालचं दोऱ्यांचं वेढं लहान, म्हणून ते खाली पडत नाही. बदामी खड्याची बाहेरची कड हे त्याचं पोट. या कडेच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला तार जरा आत खेचून, कडेपेक्षा लहान अशी दोन तोंडं तयार केली, तर खडा ना पुढे निघतो ना मागे. वायर रॅपिंगची नक्षी कितीही वेगळी असली तरी आतलं तत्त्व हेच असतं.

कोणता खडा निवडावा?

हृदयाकार खडे साधारण तीन प्रकारचे मिळतात. दोन्ही बाजूंनी फुगीर, मागून सपाट आणि पुढून घुमटाकार, आणि हिऱ्यासारखे पैलू पाडलेले. शिकण्यासाठी फुगीर खडा बरा, कारण त्याची कड मधोमध असते आणि तार दोन्हीकडून सारखी बसते. पैलूंच्या खड्यात तारेचा दाब बारीक धारेवर येतो, तो सुरुवातीला टाळलेला बरा.

त्यानंतर पाहायची ती कठीणता. ती मोह्स मापावर १ ते १० अशी मोजतात. आकडा जितका मोठा, तितका तो खडा ओरखड्यांना दाद देत नाही.

- गुलाबी स्फटिक, अ‍ॅमेथिस्ट, अकीक, जास्पर: साधारण ७. ही सगळी सिलिकाची भावंडं. पक्कड चुकून घासली तरी सहसा ओरखडा उठत नाही.
- मूनस्टोन: ६ ते ६.५. कठीण आहे, पण ठोका बसला तर पापुद्र्यासारखा फुटू शकतो.
- पिरोजा: ५ ते ६. सच्छिद्र असतो, तेल आणि अत्तर शोषतो.
- फ्लोराइट: ४. चार दिशांनी सहज चिरतो, त्यामुळे टोकाशी जोर देऊ नये.
- मॅलाकाइट: ३.५ ते ४, आणि कॅल्साइट: ३. पोलादी पक्कडीने यांच्यावर लगेच रेघ उठते.

महाराष्ट्राचा इथे थेट संबंध येतो. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट. त्यात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाण्यातून आलेल्या खनिजांनी त्या भरल्या. अकीक, अ‍ॅमेथिस्ट, स्फटिक आणि झिओलाइट गटातली खनिजं पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांत सापडतात ती यामुळेच. मात्र झिओलाइटचे स्फटिक दिसायला कितीही मोहक असले तरी बहुतेक ठिसूळ असतात. ते तारेत आवळण्यापेक्षा कपाटात ठेवावेत. अकीक कापून त्याला आकार देण्याचं जुनं आणि मोठं केंद्र म्हणजे गुजरातमधलं खंबात.

खरेदी करताना नावांकडे लक्ष द्यावं. 'ओपलाइट' या नावाने विकला जाणारा दुधी निळसर खडा बहुतेक वेळा माणसाने बनवलेली काच असते. चमचमणारा तपकिरी 'गोल्डस्टोन' हीसुद्धा काचच, तिच्यात तांब्याचे सूक्ष्म कण असतात. पांढरा हाउलाइट निळा रंगवून पिरोजा म्हणून विकला जातो. काच वापरायला हरकत नाही, पण खड्याचे पैसे देऊन काच घेऊ नये. गुलाबी स्फटिकाने प्रेम जुळतं, हा दावाही जाहिरातीचा भाग आहे. त्याला वैज्ञानिक आधार नाही.

तार कोणत्या धातूची?

*तांबं:* स्वस्त, मऊ आणि शिकायला सगळ्यात योग्य. घामाशी संयोग होऊन त्वचेवर हिरवट डाग पडतो. तो साबणाने जातो आणि सहसा त्रास देत नाही.

*पितळ:* तांबं आणि जस्ताचा मिश्रधातू. रंग सोन्याच्या जवळ जाणारा, पण तांब्यापेक्षा ताठ.

*चांदी:* दागिन्यांत बहुधा ९२.५ टक्के शुद्धतेची, म्हणजे स्टर्लिंग चांदी वापरतात. उरलेला भाग मुख्यतः तांब्याचा असतो.

*जर्मन सिल्व्हर:* नावात चांदी, धातूत नाही. हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. निकेलची अ‍ॅलर्जी अनेकांना असते आणि गळ्याभोवती खाज, पुरळ उठतं. युरोपीय संघाने त्वचेला सतत लागून राहणाऱ्या वस्तूंमधून सुटणाऱ्या निकेलवर कायद्याने मर्यादा घातली आहे, ती या त्रासामुळेच.

*मुलामा दिलेली तार:* आत तांबं, वर सोनेरी किंवा चंदेरी पातळ थर. पक्कडीने घासलं की थर निघतो आणि आतला लाल रंग दिसतो.

अनेक जण सरावासाठी मोटर वाइंडिंगची तांब्याची तार आणतात. ती स्वस्त पडते, पण तिच्यावर विद्युतरोधक वार्निशचा थर असतो. सरावाला ठीक. मात्र ती तापवू किंवा जाळू नये, त्यातून घातक धूर निघतो.

तारेच्या नंबरचा घोळ

परदेशी व्हिडिओ पाहून '२० नंबर' तार आणली आणि ती वाकतच नाही, हा अनुभव फार जणांना येतो. दोष हाताचा नसतो. तारेची जाडी मोजायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. अमेरिकी व्हिडिओंत एडब्ल्यूजी हे माप असतं, तर भारतातल्या दुकानांत बहुतेकदा ब्रिटिश वळणाचं एसडब्ल्यूजी चालतं. नंबर तोच, जाडी वेगळी.

- १८ नंबर: अमेरिकी १.०२ मिमी, ब्रिटिश १.२२ मिमी
- २० नंबर: अमेरिकी ०.८१ मिमी, ब्रिटिश ०.९१ मिमी
- २२ नंबर: अमेरिकी ०.६४ मिमी, ब्रिटिश ०.७१ मिमी
- २४ नंबर: अमेरिकी ०.५१ मिमी, ब्रिटिश ०.५६ मिमी
- २६ नंबर: अमेरिकी ०.४० मिमी, ब्रिटिश ०.४६ मिमी

दोन्ही मापांत नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. ०.१ मिमीचा फरक नगण्य वाटतो, पण २० नंबरच्या ब्रिटिश मापाच्या तारेत अमेरिकी मापापेक्षा सुमारे सव्वापट धातू असतो आणि वाकवायला लागणारा जोर त्याहून जास्त वाढतो. त्यामुळे दुकानात नंबर न सांगता मिलिमीटरमध्ये जाडी सांगावी.

तार हातातच कडक का होते?

मऊ तार चार-पाच वेळा वाकवून सरळ केली की ती ताठ होते आणि आणखी वाकवली की तुटते. धातूच्या आतली स्फटिकांची रचना प्रत्येक वाकण्यासरशी गुंतत जाते आणि पुढचं वाकणं अवघड होतं. कारागीर याचा फायदाही घेतात. मऊ तार सहज वळवता येते आणि काम संपेपर्यंत ती पुरेशी ताठ होऊन खड्याला धरून ठेवते.

म्हणून पहिला नियम असा, की तार एकदाच आणि विचार करून वाकवावी. साध्या, थर न दिलेल्या तांब्याची तार कडक झालीच तर ती मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवली की पुन्हा मऊ होते. हे खडा बसवण्याच्या आधीच करायचं. खडा तारेत असताना ती तापवली तर उष्णतेने खडा तडकू शकतो.

बांधणी: ३० मिमी रुंदीचा गुलाबी स्फटिकाचा बदाम

*साहित्य:* ०.८ मिमी जाडीची मऊ तांब्याची तार, बांधायला ०.५ मिमीची तार, गोल टोकांची पक्कड, चपट्या टोकांची बिनदात्यांची पक्कड, तार कापायचा कटर, बारीक कानस, कागदी चिकटपट्टी आणि मार्कर पेन. तार कापताना बारीक तुकडा गोळीसारखा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा.

*१. माप घ्या.* अशा बदामाचा परीघ त्याच्या रुंदीच्या साधारण तिप्पट असतो. म्हणजे इथे सुमारे ९ सेंमी. वरची कडी आणि पुढच्या-मागच्या वळणांसाठी दोन्ही टोकांना ८-८ सेंमी जास्त धरून २५ सेंमीचे तीन तुकडे कापा. जाड सुती कापडात धरून ओढले की ते सरळ होतात.

*२. तिन्ही तारा शेजारी शेजारी ठेवा.* एकावर एक नकोत, पट्टीसारख्या सपाट हव्यात. सरकू नयेत म्हणून दोन ठिकाणी चिकटपट्टी लावा आणि बरोबर मधोमध मार्करने खूण करा. ही खूण म्हणजे बदामाचं टोक.

*३. टोकाजवळ बांधा.* खुणेपासून दोन्हीकडे ५-६ मिमी सोडून ०.५ मिमीच्या तारेचे पाच-पाच वेढे द्या. प्रत्येक वेढ्याला सुमारे ८ मिमी तार लागते. हातात धरायला टोक हवं म्हणून १० सेंमीचा तुकडा घ्या. बरोबर खुणेवर वेढे देऊ नका, तिथे जाडी वाढली की टोकाचा कोन नीट वळत नाही. वेढ्यांची सुटी टोकं आतल्या, म्हणजे खड्याकडच्या बाजूला दाबून टाका.

*४. टोक वळवा.* चपट्या पक्कडीने खुणेवर पट्टी वाकवून खड्याच्या टोकाशी जुळणारा कोन करा. खडा लावून पाहा. कोन खड्यापेक्षा पसरट राहिला तर खडा खाली घसरेल.

*५. खांद्यांखाली बांधा.* पट्टी खड्याच्या बाजूंनी वर आणा. बदाम जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे दोन्हीकडे खूण करून पाच-पाच वेढे द्या.

*६. खांदे गोल करा.* ३० मिमीच्या बदामाच्या खांद्याची गोलाई साधारण १७-१८ मिमी व्यासाची असते. वाकवलेली तार थोडी उलटी उघडते. त्यामुळे पट्टी साधारण १५ मिमी जाडीच्या मार्करवर वळवली की सुटल्यावर ती नेमक्या मापाला येते.

*७. खाचेत उतरा.* सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. दोन्ही पट्ट्या खांद्यांवरून आत आणून खाचेच्या तळापर्यंत दाबा आणि तिथून सरळ वर उभ्या वळवा. उभ्या झालेल्या सहाही तारा एकत्र धरून चार-पाच वेढ्यांनी आवळा. खाचेत पोकळी राहिली असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून इथे उलगडून पुन्हा करायला कंटाळू नये.

*८. शिंकं तयार करा.* आता खडा चौकटीत बसलेला आहे, पण पुढून किंवा मागून अंगठ्याने ढकलला तर बाहेर येईल. पट्टीतली पुढची तार प्रत्येक दोन बांधण्यांच्या मधल्या भागात हलकेच आत, खड्यावर ओढा. १ ते १.५ मिमी पुरेसं आहे. मागच्या तारेचंही तसंच करा. मधली तार कडेवर तशीच राहते. टोकाजवळ पुढची आणि मागची अशा दोन्ही तारा आवर्जून आत घ्या. पोलादी पक्कड खड्याला लागू नये म्हणून टोकांवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा.

*९. कडी करा.* उभ्या सहा तारांपैकी मधल्या दोन तारा ५-६ मिमी जाडीच्या काडीवरून मागे वळवा, खाली आणा आणि मानेभोवती दोन-तीन वेढे देऊन कापा. उरलेल्या चारपैकी दोन पुढे आणि दोन मागे खांद्यांवर वळणदार उतरवा. ही नक्षी दिसते शोभेची, पण वरून खड्याला दाबून धरायचं काम तीच करते. शेवटची टोकं गोल वळवून चौकटीखाली खोचा आणि धार कानशीने मोडा.

गळ्यात घालण्याआधी चार चाचण्या

पहिली, कानाजवळ धरून हलवा. खट-खट आवाज आला तर खडा सैल आहे. दुसरी, मऊ गादीवर हात धरून दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबा आणि लॉकेट उलटं करून टोक वर धरून हलवा. तिसरी, सुती ओढणीवरून किंवा जुन्या मोज्यावरून फिरवा. धागा अडकला तिथे टोक बाहेर आहे. चौथी, दोऱ्यात अडकवून टांगा. बदाम एका बाजूला कलला तर कडी मधोमध नाही. तोंड खाली करून झुकला तर कडी फार मागे गेली आहे, ती खड्याच्या जाडीच्या मध्यावर हवी.

सैल तार घट्ट करायची एक सोपी युक्ती आहे. मोकळ्या भागातली तार पक्कडीच्या टोकात धरून किंचित तिरकी पिळली की लहानसा बाक येतो आणि तेवढी लांबी कमी होते. या जागी गोंदाचा थेंब टाकला तर तात्पुरतं काम भागतं, पण घाम आणि उष्णतेने गोंद सुटतो आणि खड्यावर पिवळट डाग राहतो.

कानातले करायचे असतील तर?

३० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड स्फटिकाचा फुगीर बदाम साधारण १० ग्रॅम भरतो. गळ्यात ते वजन जाणवत नाही, कानाला मात्र फार होतं. सगळी मापं निम्मी केली तर वजन निम्मं होत नाही, एक-अष्टमांश होतं. म्हणजे १५ मिमीचा बदाम दीड ग्रॅमच्या आत येतो. कानातल्यांसाठी हेच माप योग्य. त्याला ०.६ मिमीची चौकट आणि ०.३ मिमीचे वेढे पुरतात.

ऑनलाइन विकत घेताना

- मागच्या बाजूचा फोटो मागावा. पुढची नक्षी सगळेच दाखवतात, काम कळतं ते मागून.
- खाच आणि टोक मोठं करून पाहावं. तार तिथे खड्याला टेकलेली हवी.
- धातूचं नाव स्पष्ट विचारावं. 'सिल्व्हर कलर', 'सिल्व्हर फिनिश', 'ऑक्सिडाइज्ड' म्हणजे चांदी नव्हे.
- चांदीचा दावा असेल तर साधा हिशेब करावा. वर सांगितलेल्या मापाच्या लॉकेटला सुमारे ५ ग्रॅम तार लागते. त्या दिवसाच्या भावाने तेवढ्या चांदीची किंमत विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होत असेल, तर तार चांदीची असण्याची शक्यता नाही.
- हाताच्या कामाची किंमत तारेच्या वजनावर ठरत नाही. नवख्याला एका बदामाला दोन-तीन तास सहज लागतात, त्या वेळेचंही मोल असतं.

काळजी कशी घ्यावी?

तांबं काळवंडणं हा दोष नाही, अनेकांना तो जुना रंगच आवडतो. चकाकी हवी असेल तर घरी तांब्याची भांडी चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासतात, तो उपाय दागिन्यालाही सुचतो. पण इथे खडा कोणता ते आधी पाहावं. स्फटिक आणि अकीक आंबट सहन करतात, मॅलाकाइट, कॅल्साइट, मोती, पोवळं आणि पिरोजा यांना आम्लाने इजा होते. अशा खड्यांसाठी कोरडं मऊ कापडच बरं. भांड्यांची पावडर कोणत्याही खड्याला लावू नये.

अ‍ॅमेथिस्ट आणि गुलाबी स्फटिक दीर्घकाळ उन्हात राहिले तर त्यांचा रंग फिका होऊ शकतो, म्हणून ते खिडकीत टांगून ठेवू नयेत. अंघोळ, पोहणं, व्यायाम आणि झोपताना लॉकेट काढावं. झोपेत तारेवर येणारा दाब तिला रोज थोडा सैल करत जातो. लहान मुलांच्या हाती सैल खडा देऊ नये. महिन्यातून एकदा कानाजवळ हलवून पाहणं ही सगळ्यात स्वस्त देखभाल. आवाज आला की दुरुस्ती होईपर्यंत लॉकेट डबीत ठेवावं.

आणि तार कधी तुटलीच, तर घाबरायचं कारण नाही. तांब्याची २५ सेंमीची तार केव्हाही नवी आणता येते. आवाजाकडे वेळेवर लक्ष दिलं असेल, तर खडा तुमच्याकडेच राहतो.